बार्शीकडं वळलेली मेंढरं

आमच्या वाशी तालुक्यातल्या बाया तोंडात काही दुखलं की त्यावर तंबाखूची मिश्री दाबतात. माझ्या सासूनं, बानूआत्यांनी, गालातल्या फोडावर वर्षभर तेच केलं. जिच्यामुळं फोड झाला तिच्याकडंच औषध मागितलं! मी ओरडून सांगत होते, पण सुनेचं ऐकतं कोण? तोंड उघडेना तेव्हा कुठं बार्शीचा दवाखाना गाठला. कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि मग रोजचा शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला.

"शेक मधेच सोडलात तर उरलेला रोग पुन्हा जोर धरेल," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

आत्या आणि मी दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत, सासरे गुंडाप्पामामा मेंढरांमागं रानात. तिसऱ्या आठवड्यात आत्यांचं तोंड आतून सोलून निघालं. पाण्याचा घोट उतरेना, नाकातून नळी घातली. दुसऱ्या सकाळी त्यांनी गाठोडं बांधलं.

"दैवशाला, बास झालं. मरायचं तर माझ्या मेंढरांत मरंन."

मी भांडले, रडले, पाया पडले. त्या ढिम्म. शेवटी मामांना फोन लावला.

"तिला म्हणावं, मेंढरं बार्शीकडं वळवलीत," मामा म्हणाले. "म्या येस्तवर शेक चुकवू नगं."

मला वाटलं, आजारी बाईला थापा मारतायत. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कळंबच्या पलीकडं जायची वाट त्यांच्या आज्यापासूनची. पोराच्या लग्नासाठीही ती मोडली नव्हती या माणसानं! आत्यांनाही खरं वाटलं नाही, पण गाठोडं त्यांनी सोडलं.

आणि मामा खरंच आले. गावाबाहेरच्या माळावर पाल ठोकलं. तिथं ओळखीचा एक शेतकरी नाही. मेंढरं बसवायला रान द्या म्हणून दारोदार फिरले. शेळीचं दूध काढून, गाळून, स्वतः नळीतून आत्यांना पाजायला शिकले. रात्री आत्या मेंढरांत झोपायच्या आणि सकाळी गुमान शेकाला यायच्या.

शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तपासणीला येत राहावं लागेल, पण शेक पुरा झाला. आजोबा, मोठं काम केलंत तुम्ही."

मामा लाजून दाराबाहेर बघू लागले. "म्या काय केलं? मेंढरं हिच्यामागं चालत्यात. म्या मेंढरांमागं."

आत्यांना अजून हसता येत नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मामांची काठी आपल्या हातात घेतली.