बहिणीसमोरची कविता

मास्तरीण आकानेसीने तपासनीसाच्या हातातला अहवालाचा कागद ओढून घेतला आणि त्यावरची इंग्रजी ओळ टोंगन भाषेत करून वर्गाला मोठ्याने ऐकवली.

"ऐका गं. आपल्या बेटावरच्या पुरुषांना शिकण्याची आस्था नाही म्हणे."

चर्चच्या सभागृहात चटयांवर बसून लिहा-वाचायला शिकणाऱ्या बायका खाली बघू लागल्या. वर्गाला पैसे देणाऱ्या ऑकलंडच्या संस्थेचा तपासनीस पीटर ओशाळला, पण मागे हटेना.

"बाई, मी तिसऱ्यांदा येतोय. एकदाही पुरुष दिसला नाही. वर्ग पुढे चालू ठेवा असं मी कसं लिहू?"

आकानेसीच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन भाषांत कविता लिहिणारी, राजधानीत मंत्र्यांना तोंडावर सुनावणारी ही बाई गप्प बसते थोडीच. शाळा लांब ठेवणारं सरकार, पोरांना लहानपणीच होडीवर नेणारे बाप, सगळ्यांचा तिने उद्धार केला. वर्गासाठी तिने आपल्याच कवितांचं पुस्तक केलं होतं, डावीकडे टोंगन, उजवीकडे इंग्रजी. तेही तिने पीटरसमोर आपटलं.

"याहून गोड वाचन कुठे मिळेल यांना?"

"तिथंच तर घोडं पेंड खातंय," मागून मकेलेसी म्हणाली. साठीची, वर्गात सगळ्यांत थोरली. "पहिलं पान वाच."

"'तुझे ओले केस...'" आकानेसी थांबली.

"माझा भाऊ माझ्यासमोर हे वाचेल? घरात प्रेमाचं गाणं लागलं तरी आम्हा दोघांतलं एक जण उठून जातं. आणि चुलत-मावस धरले तर या गावात कोण कुणाचा भाऊ नाही?"

"तीन वर्षं झाली. कुणी बोललं का नाही?"

"तुझा मोसेसेही येत नाही. आम्हाला वाटलं, तुला ठाऊकच आहे."

मोसेसे तिचा धाकटा भाऊ. सिडनीच्या लेकीची पत्रं पाद्रीबाबांकडून वाचून घेणारा. त्याला ती चारचौघांत आळशी म्हणाली होती.

कागदावरची ओळ तिने स्वतः खोडली.

"लिहा, चूक मास्तरणीची आहे. पुरुषांचा वर्ग वेगळ्या दिवशी, पाद्रीबाबा घेतील. मग या तपासायला."

पीटरने तसंच लिहिलं.

पहिल्याच गुरुवारी तेरा पुरुष आले. रस्त्यापलीकडच्या पडवीतून आकानेसीने ते पाहिलं. पाद्रीबाबांनी भरती-ओहोटीचा तक्ता काढला, तर पुरुषांनीच तिचं पुस्तक मागितलं. बहिणी नाहीत, आता कसली लाज? पाद्रीबाबा वाचू लागले आणि बाकीचे त्यांच्यामागून म्हणू लागले, तुझे ओले केस.

मोसेसे उठला. मान खाली घालून बाहेर आला आणि नीरफणसाखाली जाऊन बसला. बाकीच्यांना त्या बाईची कविता चालणार होती. तो त्या बाईचा सख्खा भाऊ होता.

आकानेसी संतापली, आणि या वेळी संताप काढायला स्वतःशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तिने कोरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत टोंगनमध्ये लिहिलं. होडी. जाळं. दुपारी भरती आहे. लेक सिडनीला आहे. खाली सवयीने सही केली. मग सहीची तेवढी पट्टी फाडून टाकली.

"हे मोसेसेला दे," शेजारी चटई विणत बसलेल्या मकेलेसीला ती म्हणाली. "कुणी लिहिलं विचारलं, तर पाद्रीबाबांचं नाव सांग."