राहीबाईचा काळा तीळ

एकाहत्तरच्या श्रावणात दीना नर्सबाईनं तो तीळ पहिल्यांदा पाहिला. तिसगावकडच्या एका वस्तीवर ती महिन्यातून एकदा गरोदर बायांना तपासायला जायची. पाचव्या महिन्यातली राहीबाई लुगडं सावरता सावरता घुटमळली.

"बाई, खाली लघवीच्या जागेपाशी तीळ हुता. आता त्यो लई वाढलाय."

दीनानं पाहिलं. मसुराएवढा, काळाकुळकुळीत, कडा वेड्यावाकड्या. तिनं चिठ्ठी लिहून राहीबाईला दवाखान्यात धाडलं. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि पेशंटला न बघताच सांगितलं, "गरोदरपणात डाग काळे पडतातच. बाळंत झाल्यावर बघू." पुरुषापुढं लाज सोडावी लागली नाही म्हणून राहीबाई उलट खूशच झाली.

सातव्या महिन्यात तो वाटाण्याएवढा झाला आणि लुगड्याला रक्त लागायला लागलं. आता दीना स्वतः डॉक्टरांपुढं उभी राहिली.

"सिस्टर, डॉक्टर तुम्ही की मी? या महिन्यात कुटुंबनियोजनाच्या किती केसेस आणल्यात, ते सांगा."

दात आवळून ती बाहेर आली. वस्तीवर राहीबाईची सासू दगडाबाई खोबरेलाची वाटी घेऊन बसलेली. "पोटुशीला उष्णता असतीच. तुमी उगा भ्या घालू नका."

मग दीना सरळ रानात गेली. राहीबाईचा नवरा कानिफनाथ कांद्याला पाणी देत होता. बाईच्या त्या जागेचं पुरुषाला सांगायचं कोणत्या शब्दांत? दहा वर्षांच्या नोकरीत तो शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. शेवटी ती म्हणाली, "तिला खाली वाईट गाठ आहे. उद्याच्या उद्या नगरला न्या."

त्यानं मान खाली घातली. "ह्ये आईला सांगा."

"आईला सांगून झालं. डॉक्टरला सांगून झालं. आता तू उरलास."

"पोराला काय व्हईल का?"

"आधी बायको जगू दे की!" ती एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या वाफ्यातली बाई उठून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती दोघांबरोबर नगरला गेली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जांघ चाचपली आणि त्यांचा हात थबकला. तिथंही सुपारीएवढी गाठ होती. तिळाचा तुकडा तपासणीसाठी पुण्याला गेला. अठरा दिवसांनी निकाल आला, कॅन्सरचा.

"इतके महिने काय करत होतीस? आधी का नाही आलीस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

राहीबाई गुन्हेगारासारखी फरशीकडं बघत राहिली. दीनाच्या अंगाचा तिळपापड झाला. "तिनं पाचव्याच महिन्यात सांगितलं होतं. तिला बोलू नका."

डॉक्टरीणबाई राहीबाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चुकलं माझं."

आठवा महिना सरल्यावर पोट उघडून मुलगी काढली. वारही तपासायला पाठवली. सुदैवानं कॅन्सर वारेत उतरला नव्हता. दहा दिवसांनी तीळ आणि जांघेतल्या गाठी काढल्या. राहीबाई घरी आली, पाय ओढत का होईना, चुलीपुढं बसायला लागली. पण पुढच्या वर्षी कॅन्सर छातीत पोचला, खोकल्यातून रक्त पडलं. मुलगी तेरा महिन्यांची असताना ती गेली.

मृत्यूची नोंद करायला कानिफनाथबरोबर दीनाही गेली. ग्रामसेवकानं वही उघडली आणि कारणाच्या रकान्यात 'बाळंतरोग' लिहायला घेतलं.

"बाळंतरोग नाही. कॅन्सर लिहा."

"बाई, पोर झाल्यावर मेली ना? मग? वर कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"माझ्याकडं पाठवा. दवाखान्याचा कागद आहे."

"कागद ऱ्हाऊ द्या. कुठल्या जागंचा कॅन्सर, त्ये लिहावं लागंल. असलं वहीत लिहित्यात का?"

कानिफनाथ दाराकडं वळला होता. दीनानं त्याच्याकडं पाहिलं. तो परत फिरला, टेबलापाशी आला आणि वहीवर बोट ठेवून म्हणाला, "लिवा. बाई सांगत्यात तसंच लिवा."