हो म्हणायची सवय

इस्त्रीवालीची शाळा दुसरीत सुटली होती, तिच्या सुनेची सहावीत. शिकलेल्या माणसानं काही विचारलं की दोघींचं उत्तर एकच: मान हलवायची, हो म्हणायचं आणि लवकर सुटायचं. बँकेत तसं, दवाखान्यातही तसंच. झाकली मूठ सव्वा लाखाची!

पण बाळ झालं आणि सून मिटूनच गेली. बाळाला पाजायची, दुपटी बदलायची, सगळं वेळच्या वेळी. त्याच्याकडे बघायची मात्र नाही. केस विंचरायचंही विसरायची. शेजारणी म्हणाल्या, "लाडावलीय. आम्हाला काय पोरं झाली नाहीत?"

"तुमची पोरं बघता, झाली नसती तरी चाललं असतं," इस्त्रीवाली म्हणाली. जीभ तिची इस्त्रीपेक्षा गरम. पण शेजारणींची तोंडं बंद करून सून थोडीच बरी होणार होती?

शेवटी बाळाच्या लसीच्या दिवशी तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "बाळ धडधाकट आहे. त्याच्या आईला बघा."

बाई भल्या होत्या, पण बाहेर ही रांग. त्यांनी भराभर विचारलं, "नैराश्य, निरुत्साह, अपराधीपणाची भावना, असं काही?"

सुनेनं मान हलवली. कशाला हो आणि कशाला नाही, देव जाणे.

"नाही ना? छान. विश्रांती घ्या, सकस आहार घ्या. समजलं?"

"हो," म्हणत सून उठलीसुद्धा.

इस्त्रीवालीही सवयीनं उठली, दारापर्यंत गेली. तिथं तिच्या मनात आलं, ही आता घरी जाणार आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार. ती मागे फिरली. लाजेनं कान तापले होते.

"बाई, हिला काही समजलं नाही. मलाही नाही. आम्ही आपलं उगाच हो म्हणतो. जरा साधं करून विचारा ना."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रांगेला थांबायला सांगून त्यांनी सुनेला पुन्हा बसवलं आणि आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. "बाळ रडायला लागलं की काय वाटतं गं तुला?"

सून पायाच्या बोटांकडे बघत म्हणाली, "पळून जावंसं वाटतं. त्याला दुसरी, चांगली आई मिळावी असं वाटतं." बोलून गेली आणि घाबरून तिनं सासूकडे पाहिलं. आता ही आपल्याला घरात घेते की नाही!

इस्त्रीवालीनं बाळाला एका हातावर सावरलं आणि दुसऱ्या हातानं सुनेचं डोकं पोटाशी धरलं.

"वेडे, मलाही वाटायचं. तुझ्या नवऱ्याच्या वेळी. मला कुणी विचारलंच नाही."

तेव्हा कुठं सून रडली. पोटभर रडली. मग पदरानं नाक पुसून ती बाईंकडे वळली.

"हे बरं होतं का हो?"

"होतं," बाई म्हणाल्या आणि कसं ते सांगू लागल्या.