तोंडी दिलेलं इंजेक्शन

मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलात फ्लूची लस टोचून घेतली आणि तिथेच खुर्चीत बसले. कोविडच्या लशीच्या वेळी 'घ्या, घ्या' म्हणून मी लोकांचं डोकं खाल्लं होतं. तेव्हापासून दरवर्षी तेच बोलायचं, त्याच शंका ऐकायच्या. मला अगदी वीट आला होता, पण नर्सिंगच्या मुलींना शिकवणाऱ्या डॉक्टरणीनेच घेतली नाही तर बाकीचे कशाला घेतील?

मग ओठ खाजायला लागले. घसा आवळत गेला. लशीची एवढी तीव्र ॲलर्जी लाखांत एखाद्याला होते. ती नेमकी मलाच व्हावी, हे माझ्या नशिबाला शोभलं. आवाज फुटेना.

श्रुतिका धावली. माझीच विद्यार्थिनी, कायम पहिली येणारी, आता इथेच नर्स. तिने मला आडवं केलं, ऑक्सिजन लावला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "ॲड्रेनालिन मांडीत दिलं." तिच्याच बॅचच्या शीतलने ते जीव वाचवणारं इंजेक्शन वेळेसकट लिहून घेतलं.

माझ्या मांडीला काहीच टोचलं नव्हतं.

पडल्यापडल्या सगळं लक्षात आलं. लॉकडाऊनमध्ये या पोरी घरी, मी स्क्रीनवर. उशीला पेशंट मानायचं आणि काय काय केलं ते तोंडाने सांगायचं. नंतर कॉलेजात सरावाचा पुतळा आला, पण त्याची कातडी महागाची. तिथेही सुई टोचायची नाही, नुसतं 'दिलं' म्हणायचं. मग मी म्हणायचे, बरं, बीपी सुधारलं, पुढे?

आता श्रुतिका माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. औषधाची कुपी ट्रेमध्ये तशीच होती, न फोडलेली. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. असं मरायचं, इतक्या नीट शिकवलेल्या मुलीसमोर? माझा भयंकर संताप झाला. त्याच रागात हात उचलला आणि स्वतःच्या मांडीवर मारला, एकदा, मग परत.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मग ट्रेकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने कुपी फोडली, औषध भरलं आणि सुई बरोबर जागी गेली. दुखलं. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ती माझ्या कॉटपाशी येऊन रडली. आपण दिलं असंच तिला वाटत होतं, शीतललाही. मी 'पुढे' म्हणेन म्हणून ती थांबली होती. तिला रागवायचं म्हटलं तरी अंगात त्राण नव्हतं. खरं तर याच महिन्यात काम सोडून घरी बसायचं, असं मी ठरवलं होतं. फार दमले होते.

"सोमवारी तुमची अख्खी बॅच बोलव," मी म्हटलं. "सगळं पहिल्यापासून शिकवायचंय."

"सगळ्या नोकरीला लागल्यात, मॅडम," ती डोळे पुसत म्हणाली. "कुणी आयसीयूत, कुणी इमर्जन्सीत."

"म्हणूनच बोलव."