छगन मिस्त्रीचा वाटा

छगन मिस्त्री खळ्याकडे येताना दिसला, तसा हेमकांत चाऱ्याच्या गंजीमागे सरकला. आपल्याच खळ्यात चोरासारखा! पण बायकोपुढे कुणाचं चालतंय?

"आवो, छगनभाऊ उनात! तठे काय करी ऱ्हायनात?" रुचिका ओरडली.

मुकाट बाहेर यावं लागलं.

बापाच्या काळापासूनची रीत होती. मिस्त्रीने वर्षभर विहिरीवरचं डिझेल इंजिन सांभाळायचं आणि दादर ज्वारी निघाली की खळ्यावरून आपला वाटा न्यायचा. यंदा साऱ्या शिवारात सौर पंप बसले. इंजिनं गप्प झाली, छगनचं दुकानही.

असं होणार हे पंपांसाठी कर्ज देणाऱ्यांनाही ठाऊक होतं. गावच्या पाणी संस्थेला पैसा देताना त्यांनी अटच घातली होती, की डिझेलवर ज्याचं पोट आहे त्याला यातूनच नवं काम शिकवायचं आणि पंपांची देखभाल त्याच्याकडे द्यायची. गावात असा माणूस एकच. पण संस्थेचा चेअरमन हेमकांत. बहीण रडली, हा विरघळला, आणि भाच्याला, ललितला, इंजिन मेकॅनिक म्हणून बेधडक पुढे केलं. त्या पोराने जन्मात सायकलचं चाक खोललं नव्हतं! छगनला सांगितलं, नाव वरूनच आलं.

आता हेमकांतने घाईघाईने पोतं भरायला घेतलं. काठोकाठ भरलं, दुसरं उघडलं.

"दोन लई जा, मिस्त्री."

"नही भाऊ." छगनने पोत्याचं तोंड धरलं. "यंदा एक नट सुदिक फिरावा नही. मंग दाना कसाना?"

"मंग उनात कसाले?" रुचिकाने विचारलं.

"हाई तुमले देवाले." त्याने पिशवीतून इंजिन सुरू करायचं हँडल काढलं. "दुकानमा पडेल व्हतं. इंजिन इका तं बिगर हँडलनं कोन ली?"

हँडल हेमकांतच्या हातात देऊन तो वळला. चार पावलांवर थांबला.

"ललितले मन्ही पान्हासनी पेटी दी उनू. पोऱ्याले पान्हा बी धरता येस नही. मी शिकाडसू." मग हळूच म्हणाला, "कोनले सांगाव नही मी."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं हेमकांतला. हाक मारावी, सगळं कबूल करावं. हे मनात घोळेपर्यंत छगन बांधापलीकडे गेलासुद्धा.

"काय सांगाव नही म्हने?" रुचिकाने विचारलं.

हेमकांतने हातातलं हँडल फिरवून पाहिलं. हँडलची मूठ छगनच्या हाताने झिजून गुळगुळीत झाली होती, आणि त्याने ती नीट पुसून, तेल लावून आणली होती.