बाईसाहेब हयात असेपर्यंत

लव्हिनिया थर्लोने हॉलिसच्या कपात पुन्हा कॉफी ओतली आणि किटली स्वतःजवळच ओढून घेतली.

"आता बोलल्याशिवाय थेंब मिळायचा नाही."

"बोलण्याचीच तर पंचाईत आहे, बाईसाहेब," म्हातारा हॉलिस हसला.

डाकोटाच्या लष्करी ठाण्यावर तो तिच्या नवऱ्याच्या, कॅप्टन थर्लोच्या हाताखाली लेफ्टनंट होता. नदीकाठच्या लढाईत कॅप्टन गेला, अर्धी तुकडी गेली. विधवा लव्हिनिया न्यूयॉर्कला आली आणि तिने आठवणींची पुस्तकं लिहिली. प्रत्येकात कॅप्टन आपल्या माणसांबरोबर लढता लढता पडला. शाळांतली पोरं ते वाचून मोठी झाली. पण ती स्वतः तिथे होती कुठे? ती ठाण्यावर खिडकीशी बसली होती. परतलेल्यांपैकी एकानेही तिच्या नजरेला नजर दिली नाही, एवढंच काय ते तिने पाहिलेलं.

आता शेवटचं पुस्तक. यात तरी तिला खरं लिहायचं होतं.

"कॅप्टन पळाले होते का, हॉलिस?"

हॉलिसने बिस्कीट बशीत ठेवलं.

"पलटणीचा शिरस्ता तुम्ही जाणता. बायको हयात आहे तोवर गेलेल्या अधिकाऱ्याबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही. आम्ही सगळ्यांनी एकमेकांना वचन दिलंय."

"मी मोकळं करते तुम्हाला."

"ते तुमच्या हातात नाही. ज्यांना वचन दिलं, ते सगळे मातीत गेले. आता सोडवणार कोण?" तो खाली बघत म्हणाला, "आम्हाला वाटायचं, पोरगी खंगून जाईल दोन-चार वर्षांत. राग मानू नका, पण तुम्ही फारच जगलात."

लव्हिनियाला हसू आलं. मग तिने किटली बाजूला सारली.

"वाकड्या शब्दाला बंदी होती ना? मग चांगला शब्द का नाही काढलात कुणी? इतक्या वर्षांत एकसुद्धा?"

हॉलिस उठला. त्याच्या कोटाची बटणं तिनेच लावली.

"पुढच्या रविवारी या."

"डॉक्टर आता बाहेर पडू देत नाही, बाईसाहेब. आज चोरून आलो."

जिन्यावरची त्याची काठी ऐकू येईनाशी झाली, तेव्हा ती टेबलाशी बसली. कोरा कागद पुढे ओढला. मग पेन शाईत बुडवून तिने लिहिलं, 'कॅप्टन शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या माणसांबरोबर होते.'

या ओळीची तिच्या हाताला सवय होती.