सगळं खाली

रघूला फोनमधलं एकच काम झकास जमायचं, ते म्हणजे पुसून टाकणं. रोज सकाळी फोन उघडला की अर्ध्या मांडवीने पाठवलेली गुलाबाची फुलं, चहाचे कप आणि आशीर्वाद देणारे देव आत येऊन बसलेले असत. एकावर बोट दाबून धरायचं, बाकीच्यांना टिचक्या मारायच्या आणि सगळ्यांना उचलून टोपलीच्या चित्रात टाकायचं. मग ती टोपलीसुद्धा उघडून रिकामी करायची. हे शेवटचं त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. उभा जन्म तो मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, होता. बोट खाली केली, म्हणजे मासळी उतरवली, की बर्फाचा खणही धुवून काढायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास मारतो. खण तसाच ठेवून घरी पळणाऱ्या खलाशाला त्याने परत बोटीवर घेतलं नव्हतं.

आता हेच त्याने बायकोच्या टॅबवर केलं, आणि घोटाळा तिथेच झाला.

बकुळेचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आवाज मांडवीत सगळ्यांना पाठ होता. पाटी डोक्यावर घेऊन ती गल्लीच्या तोंडाशी ओरडली की शेवटच्या घरातली बाई हातात ताटली घेऊन बाहेर यायची. भावाची घासाघीस करणाऱ्याला ती अशी काही सुनवायची की तो मासे घेऊन आणि वर माफी मागून जायचा. त्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, जीव वाचेल पण आवाज जाईल, कारण आवाजाची पेटीच काढावी लागेल.

तेव्हा सर्वेशने, त्यांच्या मुलाने, ही युक्ती काढली. तो ठाण्याला राहायचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. ऑपरेशनच्या आधी त्याने आईला आपल्या घरी लॅपटॉपसमोर बसवलं, पंखे बंद केले आणि तिच्या तोंडचं बोलणं एकेक करून भरून घेतलं. बकुळेला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक बोलण्याला एक चित्र लावलं. तांब्यावर बोट ठेवलं की “पानी देतांव काय?”, ताटावर ठेवलं की “चला जेवाया, निवला सगळा.” मिरचीच्या चित्रात तिने स्वतःहून भरलं होतं, “अक्कल खय गहान ठेवलांव?” ते चित्र खास रघूसाठी होतं आणि वापरात सगळ्यात जास्त तेच राहिलं.

संध्याला, त्यांच्या मुलीला, तेव्हा दिवस गेले होते. “बारशाला मी काय मुकी बसू?” असं म्हणून बकुळेने आपल्या मनाने एक पाळणा रचला आणि तोही भरून ठेवला. त्याला पाळण्याचंच चित्र लावलं. मात्र बाळ होईपर्यंत तो कोणी वाजवायचा नाही, अशी तिने तंबी दिली. बाळाआधी पाळणा हलवत नाहीत, तर वाजवतील कसा?

ऑपरेशननंतर बकुळा घरी आली ती गळ्यातल्या भोकावर पांढरा रुमाल बांधून. पहिल्यांदा टॅब बोलला तेव्हा रघू दचकलाच. बायको समोर मिटल्या तोंडाने बसलेली, आणि तिचा खणखणीत आवाज तिच्या मांडीवरून येतोय. पण माणूस कशालाही सरावतो. पंधरवड्यात तो त्या टॅबशी भांडूही लागला. ती मिरचीवर लागोपाठ बोट मारत राहायची आणि तो “अगो कळला, कळला!” म्हणत पडवीत जाऊन बसायचा. त्याला त्या दिवसांत खरोखर सुख वाटत होतं.

सर्वेशने सगळं एकमेकांना जोडून दिलं होतं. ठाण्यात लॅपटॉपवर नवं चित्र घातलं की ते मांडवीला टॅबवर उमटायचं. टॅबवर काही बदललं की ते त्याच्या लॅपटॉपवर आणि फोनवरही बदलायचं. तीन ठिकाणी आहे म्हणजे घोर नाही, असं सर्वेश म्हणायचा. रघूलाही ते पटलं होतं. बोटीवर तोही दोर एकच ठेवत नसे.

संध्याला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण खरं माहेरी व्हायचं, पण बकुळेची अवस्था पाहता ते सासरी पोफळीलाच झालं. जावई वीज प्रकल्पात नोकरीला, तिथल्याच कॉलनीत घर. बारशाच्या आदल्या दुपारी सर्वेशचा ऑफिसमधून फोन आला.

“बाबा, उद्या टॅब घेऊन येताय ना? संध्याच्या घरात रेंज धड नसते.”

“मग?”

“आईचं सगळं वर ठेवलेलं असतं. इंटरनेट असलं की तिथून येतं. नसलं तर काही वाजणार नाही. म्हणून निघायच्या आधी सगळं खाली करा.”

“खाली करू?”

“हो. तो निळा खण उघडायचा, सगळ्यांवर खूण करायची आणि खाली करायचं. सोपं आहे.”

“सगळा? येक पन ठेवायचा न्हाय?”

“एकही नाही. एखादं जरी वर राहिलं तर ऐनवेळी अडेल.”

“आनि मंग तिकडं वाजंल?”

“वाजेल की. आणि माझ्याकडे आहेच. ठेवतो, मीटिंग आहे.”

रघूने टॅब मांडीवर घेतला. खाली केल्यावर वाजणार कसं, हा प्रश्न त्यालाही पडला, नाही असं नाही. पण आठवडाभर टॅब जागा भरली, जागा भरली म्हणून कुरकुरत होता. भरलेली बोट जड चालते. इथे रिकामी करायची आणि तिकडे पोचल्यावर पोरगा आपल्या लॅपटॉपमधून ताजं भरून देणार, असा त्याने हिशेब लावला. सर्वेशला परत फोन करून विचारता आलं असतं. पण मीटिंगमधल्या मुलाला असल्या क्षुल्लक गोष्टीसाठी उठवायचं, आणि ‘एवढंही कळत नाही’ हे त्याच्या आवाजात ऐकून घ्यायचं, ते रघूला नको होतं. बकुळा आत नातीच्या झबल्यांच्या घड्या घालत होती. तिलाही त्याने विचारलं नाही.

त्याने खण उघडला, सगळ्या चित्रांवर खुणा केल्या आणि टोपलीत टाकलं. मग सवयीने टोपली उघडली. टॅबने मराठीत विचारलं, कायमचं काढून टाकायचं का. रघूने हो म्हटलं. बर्फाचा खण काय तात्पुरता धुतात?

लगेच त्याने टॅब टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी भरला, आणि निघायच्या गडबडीत बकुळेने त्या संध्याकाळी हातवाऱ्यांवरच भागवलं. दुसऱ्या दिवशी एसटीतही तो तिथेच होता. चिपळूणला गाडी बदलली तेव्हाही कोणी तो बाहेर काढला नाही.

पोफळीच्या घरात बायकांची गर्दी होती. पाळण्याला अबोलीचे गजरे, खाली पाटावर घुगऱ्यांचं पातेलं. आत्याने कुर्र करून बाळाच्या कानात सानवी हे नाव सांगितलं. मग विहीणबाई म्हणाल्या, “आधी आजीचा पाळणा होऊ दे, मग आमचे.” बकुळेच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की बघणाऱ्याला ती आता बोलेलच असं वाटावं. तिने टॅब स्वतः बाहेर काढला, पदराने काच पुसली आणि निळा खण उघडला. तिथे नुसती पांढरी पाटी होती. तिने पाळण्याचं चित्र असायचं त्या कोपऱ्यात बोट दाबलं. पुन्हा दाबलं. मग तिने टॅब ठाण्याहून आलेल्या सर्वेशपुढे धरला.

“खाली केलं होतंत ना, बाबा?” सर्वेशने हसत विचारलं.

“म्हंजे काय! सगळा केला. येक पन ठेवला न्हाय.”

सर्वेशचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळे बदलले. त्याने फोन काढून पाहिला. पलीकडच्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. रघू त्याच्या मागोमाग गेला.

“रिकामं केलंत?”

“तूच बोललास नां, खाली करा म्हनून.”

“अहो, वरचं खाली घ्या म्हणत होतो मी! टॅबमध्ये उतरवून घ्या!”

“उतरवलाच की. बोट उतरवतो तसा.”

सर्वेशने तोंडावरून हात फिरवला. “थांबा. टोपलीत असेल. महिनाभर राहतं तिथे.”

“ती पन धुतली,” रघू म्हणाला.

“तुमच्याकडनं गेलं की माझ्याकडनंही जातं, बाबा. तिन्ही एकच आहेत. काल संध्याकाळभर मी लॅपटॉप चालू ठेवून काम करत होतो. माझ्या नाकासमोरून गेलं सगळं.”

रेंज मिळेल तिथपर्यंत तो रस्त्याने चढून गेला, कोणाकोणाला फोन लावले. परत आला तेव्हा विचारायची गरज नव्हती. तो पायरीवर बसला आणि रडायला लागला. “डाऊनलोड करा असंच म्हणणार होतो. तोंडापर्यंत आला होता शब्द. म्हटलं, बाबांना इंग्रजी कळायचं नाही, आपल्यातलं सांगू. जेटीवर लहानपणी मीच ओरडायचो, बोट खाली झाली काय म्हणून. एवढं कसं सुचलं नाही? निदान एक पेनड्राइव्ह भरून कपाटात टाकला असता.”

त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं रघूला वाटलं, पण आपला हात त्या लायकीचा नाही असंही वाटलं. तो आत गेला. बकुळा पाळण्याशेजारी पाटावर बसली होती. तिला कळलं होतं. असल्या घरात बातमीला वेळ लागत नाही. तो तिच्यासमोर बसला आणि चार बायकांदेखत म्हणाला, “मीच घालवला गो सगळा.”

ती काय म्हणेल, याची तो वाट बघत राहिला. इतक्या वर्षांची सवय होती. जाळं फाटलं, पैसे सांडले, पोर पडलं, काही झालं तरी आधी तिच्या तोंडचा पट्टा चालायचा आणि मग दोघं मिळून निस्तरायला लागायची. आत्ता तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. बकुळेने टॅबकडे पाहिलं नाही. तिने फक्त त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तेच त्याला सोसवलं नाही.

“निदान शब्द तरी कोणी सांगा,” संध्या म्हणाली. “बाबा, तुम्ही ऐकला असेल ना, भरताना? काय होतं पाळण्यात?”

रघूने ऐकला नव्हता. सर्वेशने गप्प बसा, पंखा बंद, खोकू नका असं सांगितल्यावर त्याचा जीव घुसमटला होता आणि तो खाली टपरीवर चहा प्यायला गेला होता. आयुष्यभर ऐकलाय तो आवाज, आणखी काय ऐकायचं, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

“मला थोडं आठवतं,” दारातून सर्वेश म्हणाला. “पहिलं कडवं समुद्राचं. दुसरं तुझं होतं, संध्या. तिसऱ्यात आईने बाबांचं नाव घेतलं होतं. मला हसू आलं म्हणून ती लाजून थांबली, मग परत घेतलं. शब्द नाही आठवत. मी तो आवाज नीट येतोय का तेच बघत होतो.”

रघूने बायकोकडे पाहिलं. ती त्याला ‘अवो’ म्हणायची, नाहीतर ‘आयकलांव काय’. लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडून त्याने आपलं नाव कधी ऐकलं नव्हतं. तिने घ्यावं असंही कधी मनात आलं नव्हतं. आणि आता, हे कळल्यावर, त्याला दुसरं काहीच नको होतं.

बाळ कुरकुरलं. बकुळा उठली, तिने दोरी हातात घेतली आणि पाळणा हलवू लागली. तिचे ओठ हलत होते. विहीणबाईंनी शेजारणीच्या मुलाला हाताने थोपवलं. घरात पाळण्याच्या कड्यांचा कुईकुई आवाज तेवढा राहिला. बकुळा मान किंचित वाकडी करून, मध्येच थांबून श्वास घेऊन, आख्खा पाळणा म्हणत होती.

रघू तिच्या ओठांवरून नजर हलवत नव्हता. पण आवाजच नसला तर पहिलं कडवं कुठे संपतं आणि तिसरं कुठे सुरू होतं हे कळायचं कसं? एकदा तिचे ओठ गोल झाले तेव्हा त्याला वाटलं, हेच आपलं नाव. थोड्या वेळाने पुन्हा गोल झाले. मग पुन्हा. त्याने डोळे ताणले, पापणी लवू दिली नाही, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं आणि दिसणंच पुसट झालं. ते पुसून त्याने वर पाहिलं तेव्हा बकुळेने दोरी संध्याच्या हातात दिली होती आणि बायका घुगऱ्यांच्या पातेल्याकडे वळल्या होत्या.

तो तिच्या जवळ गेला. “माजा नाव घेतलास काय गो?”

बकुळेने मान हलवली. घेतलं होतं.

“कवा?”

ती त्याच्याकडे बघून काहीतरी बोलली, छोटंसंच, दोनतीन शब्दांचं. रघूला ते कळलं नाही. त्याने कळल्यासारखी मान हलवली, आणि पुन्हा विचारायचा धीर त्याला झाला नाही.